दांड्यावरचा हात

९ जानेवारी

आज ट्रक पुन्हा उतारावर लोमधून सुटला. खाली मुकादमासमोर सुटला असता तर अब्रू गेली असती. वरच्या वळणावर सुटला, म्हणून फक्त जीव जाता जाता राहिला.

पुढेमागे बायकोने ही वही उघडलीच (ती उघडणारच), तर तिला कळावं म्हणून सोपं करून लिहितो. आपला ट्रक जुना, चारही चाकांनी ओढणारा. त्याच्या गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिचा दांडा वेगळा. पुढे ढकलला की हाय, म्हणजे सपाटीची चाल. मागे ओढला की लो, म्हणजे डोंगराची चाल. खाणीतून दगड भरून खाली येताना लो लागतोच, कारण तेव्हा इंजिन गाडीला आवरून धरतं. दांडा मध्येच आपणहून पुढे निसटला की इंजिन एकीकडे, चाकं एकीकडे, आणि गाडीला कोणी वाली नाही.

ट्रक आमची कन्या चालवते. माझ्या गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिल्यापासून मी शेजारी बसतो. नुसता बसत नाही. ती चालवायला लागली त्या दिवसापासून मी पूर्ण उतारभर तो दांडा मागे ओढून धरतो. तेव्हा तो सुटतही नव्हता, पण सुटला असता तर? आणि पाहा, वर्षभरात सुटायला लागलाच. मी किती आधी ओळखलं होतं.

आज सुटला तेव्हा तिने ब्रेक दाबत दाबत गाडी मुरमाच्या ढिगात घातली आणि थांबवली. मी तिला सूचना देत होतो. घरी येऊन तिने आईला सांगितलं की बाबा डोळे मिटून ओरडत होते. दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे तिला अजून समजत नाही.

रात्री जेवताना मी शब्द दिला. ज्या दिवशी हा दांडा पूर्ण उतार न सुटता राहील, त्या दिवशी ट्रकच्या किल्ल्या तिच्या. मी घरी बसेन. बायको म्हणाली, "लिहून ठेवा." म्हणून लिहिलं.

१५ जानेवारी

मेकॅनिक आला. याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटतो. तोंडाचा पट्टा मात्र डोळे मिटूनही चालू असतो. ट्रकखाली आडवा होऊन त्याने अशा अशा किती पेट्यांना जीवदान दिलं ते सांगितलं, मग निदान केलं. दांडा जागेवर अडकवणारी एक गोळी असते, तिच्यामागची स्प्रिंग मेली आहे.

"जाड स्प्रिंग टाकतो मालक. आता दांडा हलला तर माझं नाव बदला."

स्प्रिंग टाकली. आता दांडा हलवायलाच दोन्ही हात लागतात. संध्याकाळी उतारावर मी दोन्ही हातांनी धरला होता, तरीही सुटला. डॉक्टरला फोन केला तर म्हणाला, स्प्रिंगचं काम स्प्रिंगने केलंय, आता पेटी उघडावी लागेल. नाव बदलण्याचा विषय त्याने काढला नाही.

२ फेब्रुवारी

खाणीचा मुकादम आज कन्येशी बोलत होता. मी ताडपत्री बांधण्यात गुंतलो होतो, म्हणून फक्त सगळं ऐकू आलं. खाण स्वतःचा नवा ट्रक घेते आहे. जूनच्या पहिल्या तारखेला येणार. त्यावर त्यांना हिच्यासारखी चालवणारी हवी आहे.

ती म्हणाली, "बघते."

परत येताना मी तिला समजावलं. नव्या गाडीत सगळी बटणं. बटण दाबायचं आणि गाडीच्या मर्जीने जायचं, याला चालवणं म्हणतात का? ती म्हणाली, "त्यात शेजारी दांडा नाही, बाबा." मी म्हटलं, तेच तर सांगतोय.

११ फेब्रुवारी

पेटी उतरवली. डॉक्टर आणि त्याचा जोडीदार पुरेसे होते, पण आपली वस्तू खाली येत असताना मी बाजूला उभा राहू शकत नाही. एक कोपरा धरला. पेटी सुखरूप उतरली, माझी कंबर तेवढी वरच राहिली. आत्ता आडवा पडून लिहितो आहे, अक्षर समजून घ्यावं.

आतून एक फोर्क निघाला. पितळी, दोन बोटांचा. दांडा ओढला की हीच बोटं आतली कडी सरकवून गिअरला भिडवतात. कडी सतत फिरती असते, फोर्कने तिला नुसतं जागेवर ठेवायचं असतं. डॉक्टरने तो पुसून अंगणातल्या फळीवर ठेवला आणि दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवून पाहिला.

"मालक, हा एकाच बाजूनं खाल्लाय. बघा, इकडची बाजू कोरी, इकडची पार पातळ. दांड्याला कोणी ओढ देऊन बसतं का?"

मी कन्येकडे पाहिलं. ती स्वतःच्या बुटांकडे पाहत होती. ओसरीवर बायको ताडपत्र्या शिवत होती, तिचं मशीन बंद झालं.

मी स्पष्ट सांगितलं, आमच्याकडे तसं कोणी करत नाही.

"मग तुम्ही उतारावर..."

"मी ओढत नाही. मी फक्त धरतो."

"धरता म्हणजे?"

"सांभाळतो."

डॉक्टरने बराच वेळ हात पुसले. मग म्हणाला, "बरं. नवा टाकू." निदान स्वतःला लागेना की ही माणसं गिऱ्हाइकावर घालतात, हा माझा जुना अनुभव आहे. मी मोठ्या मनाने विषय सोडून दिला.

१६ फेब्रुवारी

पडून आहे. नवा फोर्क बसला, आणि कन्या आज एकटी खेप घेऊन आली. सकाळी मी एक रबरी पट्टा दिला होता. एक टोक दांड्याला, दुसरं सीटच्या पायाला, म्हणजे मी नसलो तरी ओढ राहील. तिने "हो बाबा" म्हटलं. इतक्या पटकन हो म्हणतात तेव्हा मुलं शहाणी होत असतात.

दिवसभर जीव टांगणीला. छताकडे पाहून पाहून छताचे डाग पाठ झाले. ती आली, हात धुतले, जेवायला बसली.

"सुटला?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही, बाबा."

पट्ट्याची कल्पना माझी होती, हे मी दोनदा सांगितलं.

२१ फेब्रुवारी

रोज एकटी जाते. रोज "नाही" म्हणते. आज कंबर थोडी सैल झाली म्हणून भिंतीला धरून ट्रकपर्यंत गेलो. रबरी पट्टा ताडपत्रीच्या कोपऱ्याला बांधलेला दिसला. दुसरा असेल.

जेवताना बायकोने विचारलं, "किल्ल्यांचं काय?" मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. पण दांडा राहतो की नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहायला नको? अंथरुणात पडून कसली परीक्षा घेणार? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आमच्या घरात बायका हल्ली फार वेळा एकमेकींकडे पाहतात.

३ मार्च

पुन्हा ट्रकवर. मुकादम म्हणाला, "आलात? आम्हाला वाटलं, तुम्ही रिटायर झालात." असल्या विनोदांवर मी हसत नाही.

दांडा राहिला. पण एक गोष्ट माझ्या हाताला जाणवली. त्यात थरथर आहे. इंजिनाची असते तशीच, पण वेगळी. कन्या म्हणते की दांडे थरथरतातच, तुम्ही हात लावला नाहीत तर कळणारही नाही. म्हणजे न कळणं हा हिचा उपाय. मी पक्का धरून बसलो. जाड स्प्रिंगवरही विश्वास नाही म्हणून डावा हात मदतीला.

किल्ल्या आज द्यायला हरकत नव्हती. पण फोर्क नवा आहे, त्याला जरा बसू द्यावं. महिना-दोन महिने बघू.

२२ मार्च

विशेष नाही. दांडा राहतो. उजव्या खांद्यात कळ येते, तळहाताला घट्टा पडला आहे. बायकोला दाखवला. म्हटलं, बघ, किती काळजी घेतो. तिने घट्टा पाहिला आणि म्हणाली, "एकाच बाजूला आहे."

मी म्हटलं, मग काय दोन्ही बाजूंना पडणार?

२९ एप्रिल

सुटला.

मी म्हटलं नव्हतं? दोन महिने मी या थरथरीबद्दल सांगतो आहे. वरच्या वळणाच्या अलीकडे पूर्ण भार असताना दांडा माझ्या दोन्ही हातांतून पुढे निसटला, आणि गाडी मोकळी झाली. कन्येने ब्रेक दाबून धरला. ब्रेकचा लायनर जळल्याचा वास आला, डाव्या बाजूचा आरसा कठड्याला घासून गेला. खालचं चढणीचं वळण लागलं तेव्हा कुठे गाडी थांबली.

आता खरं तेच लिहितो, कारण खोटं लिहून फसवायला इथे मीच आहे. सुटला त्या क्षणी मी घाबरलो. आणि त्याच्या मागोमाग, अगदी मागोमाग, बरं वाटलं. कशाचं ते कळलं नाही. माझं म्हणणं खरं ठरलं, त्याचं असावं.

गाडी थांबल्यावरही कन्येने ब्रेकवरचा पाय काढला नाही. असं आजवर कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "बघ, मी होतो म्हणून." ती खाली उतरून मागच्या चाकाला टेकून बसली.

रात्री जेवताना तिने सांगितलं, "मी मुकादमांना हो म्हणणार आहे. जूनच्या पहिल्या तारखेपासून."

बायकोचा हात वाढता वाढता थांबला. मी विचारलं, "आणि आपला ट्रक?"

"तुमचा ट्रक," ती म्हणाली. "तुमच्या किल्ल्या."

मला रागच आला. ज्या ट्रकचा गिअर सुटतो तो कोणता बाप मुलीच्या हाती देईल? तेवढंच मी विचारलं. तिने ताट उचललं आणि आत गेली.

२ मे

डॉक्टरने पेटी पुन्हा उघडली. या वेळी मी अंगणातल्या खुर्चीत बसून सूचना दिल्या. पेटीतून काढलेला फोर्क त्याने मला दाखवला नाही. सरळ ओसरीवर जाऊन बायकोच्या मशीनशेजारी ठेवून आला. तिचा त्याच्याशी काय संबंध?

संध्याकाळी ताटासमोर बसलो तर ताटाच्या डाव्या बाजूला दोन फोर्क, जुना आणि नवा, धुऊन पुसून मांडलेले. दोन्ही एकाच बाजूने पातळ झालेले. शेजारी ठेवले तर जुळे वाटावेत.

"जेवताना बघा," बायको म्हणाली.

मी पाहिले. म्हटलं, हल्ली माल हलका येतो, साचाच चुकीचा असणार.

ती समोर बसली. शिवतानाच्या आवाजात, म्हणजे मान वर न करता बोलली. "मी नवी होते तेव्हा मशीनमधून कापड मागून ओढायचे. वाटायचं, मी ओढलं नाही तर ते पुढं जाणारच नाही. रोज सुया मोडायच्या. कापड आपलं आपण पुढं जातं. नुसता हात ठेवून दिशा द्यायची असते. ते समजेपर्यंत मी दुकानदाराला शिव्या घालायचे की सुया हलक्या देतो."

मी म्हटलं, ट्रक आणि शिलाईचं मशीन यात फरक आहे.

"आहे ना. सुई मोडली तर कोणी मरत नाही."

जेवण गेलं नाही. कंबरेमुळे असेल.

६ मे

तिसरा फोर्क बसला. डॉक्टर जाताना म्हणाला, "मालक, एक विनंती. धरायचंच असेल तर दाराच्या वरचा हँडल धरा. तो त्यासाठीच दिलाय."

मी एक प्रयोग करायचं ठरवलं आहे. शास्त्रशुद्ध काम करायचं तर एकेक कारण बाजूला काढून पाहावं लागतं. स्प्रिंग पाहून झाली, फोर्क पाहून झाले, माल पाहून झाला. आता एक खेप दांडा कोणी न धरता पाहायची. त्यातून काही निघणार नाही हे मला ठाऊक आहे, पण उद्या कोणी म्हणायला नको.

७ मे

प्रयोग फसला. शेजारी बसलो आणि हात मांडीखाली दाबून ठेवले. पहिलं वळण येईपर्यंत उजवा हात दांड्यावर होता. मी ठेवला नव्हता. कन्येने एकदा हाताकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. लगेच काढला, पण दुसऱ्या वळणावर पुन्हा तिथेच.

माझाच हात मला न विचारता असा वागतो, हे या वयात समजलं.

८ मे

आज खाणीतून भरून निघाल्यावर, उताराच्या तोंडाशी मी गाडी थांबवायला सांगितली. म्हटलं, मागची दोरी बघतो. उतरलो. दोरीला काही झालं नव्हतं, बायकोने बांधलेल्या गाठीला कधीच काही होत नाही. मग दाराशी येऊन म्हणालो, "तू हो पुढे. मी चालत येतो. पाय मोकळे करायचेत."

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघतो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी दांडा मागे ओढला, खट् असा आवाज आला, आणि तिने हात उचलून स्टिअरिंगवर ठेवले. दांड्यावर कोणाचाच हात नव्हता. गाडी निघाली.

आपला ट्रक उतरताना मी आजवर मागून पाहिलाच नव्हता. किती सावकाश उतरतो. इंजिनाचा आवाज एकसारखा, जड. वरच्या वळणावर ब्रेकचा लाल दिवा एकदाच लागला आणि विझला. मग वळणाआड फक्त आवाज. मी कठड्याला धरून ऐकत उभा राहिलो. आवाज तुटेल म्हणून जीव मुठीत धरला होता. तो तुटला नाही, हळूहळू लहान होत गेला.

भीती वाटली. आधी वाटलं, मी नाही तर काहीतरी होईल. मग वाटलं, काहीच होणार नाही. दुसरी भीती जास्त लागली.

खाली पोचायला मला फार वेळ गेला. एका खडीवाल्याने लिफ्ट देऊ केली, नको म्हटलं. कन्या ट्रकच्या पायरीवर बसून चहा पीत होती. माझ्यासाठी ठेवलेला गार झाला होता.

"सुटला?"

"नाही."

"आज भार कमी होता."

"हो का," ती म्हणाली.

भार रोजचाच होता. मीच उभा राहून भरला होता. हे इथे लिहून ठेवतो.

२० मे

रोज पाय मोकळे करतो. मुकादमाने विचारलं की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय का. मी हो म्हटलं. तेही खरंच, आमच्या डॉक्टरने दांड्यापासून लांब राहायलाच सांगितलंय.

दांडा राहतो. मी किल्ल्यांचा विषय काढलेला नाही. तिनेही नाही. ती खाणीच्या ऑफिसात जाऊन नव्या ट्रकच्या रंगाचा कागद पाहून आली. आईला म्हणाली, पांढरा आहे. बायको रात्री मशीनवर बसली ते उशिरापर्यंत. काही शिवत नव्हती, नुसती बसली होती.

गुडघे सुजले आहेत. तिला कळू नये म्हणून घराचा जिना ती झोपल्यावर चढतो.

३१ मे

संध्याकाळी किल्ल्या तिच्या जेवणाच्या डब्यावर ठेवल्या. भाषण तयार केलं होतं. प्रयोग, फोर्क, माझा शब्द, सगळं त्यात होतं. ती आली, किल्ल्या पाहिल्या, आणि उचलल्या नाहीत.

"शेजारी कोण बसणार?" तिने विचारलं.

भाषणात हा मुद्दा नव्हता. मी म्हटलं, "कोणी नाही. डबा ठेव तिथे."

"आणि मध्येच फोन?"

"करणार नाही."

"करणार नाही की कमी करणार?"

मी बायकोकडे पाहिलं. ती भाकरी परतल्यासारखी ताडपत्री उलटीसुलटी करत होती. म्हटलं, "खाली पोचलीस की तू कर. मी वाट बघेन."

तिने किल्ल्या उचलल्या. मुकादमाला फोन लावला आणि तिथेच उभी राहून म्हणाली, "काका, माफ करा, नाही जमणार. माझा ट्रक आहे." मी आत जाऊन तोंड धुतलं. साबण डोळ्यांत गेला. खोटं कशाला, साबण घेतला नव्हता.

१ जून

पहाटे ती गेली. मी दारात उभा राहून पाच-सहा महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. तिने ऐकल्या की नाही माहीत नाही, इंजिन चालू होतं. कोपऱ्यावर वळताना तिने हात बाहेर काढून दाखवला. आधी आवाज गेला, मग धूर गेला, मग धुळीचा वासही गेला. तरी मी उभाच.

आतून बायको म्हणाली, "अहो, दार सोडा. गार वारा येतोय."

पाहिलं तर दाराची मूठ माझ्या हातात होती, मागे ओढून घट्ट धरलेली. सोडली. दार आपलं आपण लागलं.

जरा जोरातच लागलं. बिजागऱ्यांत काहीतरी बिघाड आहे. डॉक्टरला बोलवायची गरज नाही, गुडघ्यांची सूज उतरली की मीच उघडून बघतो.